माळ्यावरचें बालपण

लहान मुलानें खेळण्यांशीं खेळावें, हें सर्वांस मान्य आहे. आजीनें लेकीची जुनी बाहुली ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेवली, तर तेंही आपण समजूं शकतों. परंतु पंचेचाळीस वर्षांच्या, चांगल्या हुद्द्यावर असलेल्या, दोन मुलांच्या बापानें स्वतःच्या पगारांतून वीतभरही उंच नसलेला प्लास्टिकचा शिपाई विकत आणावा, तो मुलांच्या हातीं न देतां कांचेच्या कपाटांत ठेवावा, आणि त्याची हरवलेली बंदूक मिळावी म्हणून परगांवच्या अनोळखी माणसांशीं तीन महिने पत्रव्यवहार करावा, हें पाहिलें म्हणजे घरांतील वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. "ह्याला झालें तरी काय?" हा प्रश्न त्याच्यासमोर कोणी विचारीत नाहीं, पण स्वयंपाकघरांत तो विचारला जातोच.

हा छंद आतां पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाहीं. जळगांव, धुळें, भुसावळ, चाळीसगांव या गांवांतून ज्यांचें बालपण १९८० ते २००० या वीस वर्षांत गेलें, अशी जी सुशिक्षित आणि मिळवती पिढी आज आहे, तींत हें वेड आमच्या पाहण्यांत अनेकदां आलें आहे. कोणी दूरदर्शनवर ज्याची मालिका लागे त्या ही-मॅनच्या मूर्ति जमवितो. कोणी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक. कोणी थंड पेयांच्या बाटल्यांचीं बुचें, च्युइंगगमच्या वेष्टनांतून मिळणारीं क्रिकेटपटूंचीं चित्रें, आगपेट्यांचे छाप, सिनेमाचीं तिकिटें. यांस कोणी पोरकट म्हणतें, कोणी उधळे म्हणतें. आम्हांस हीं दोन्ही विशेषणें घाईचीं वाटतात. निदान ज्या घरांत हें वेड शिरलें आहे, त्या घरांतील मंडळींनीं तें काय आहे एवढें तरी समजून घ्यावें, म्हणजे पुढचे रुसवेफुगवे पुष्कळ कमी होतील.

या मूर्तींस इंग्रजी बोलणारे लोक बाहुल्या म्हणत नाहींत, आणि कां म्हणत नाहींत याची हकीकत मोठी मौजेची आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें जी. आय. जो या नांवाचा, सुमारें फूटभर उंचीचा, हातपाय वळणारा आणि कपडे बदलतां येणारा एक शिपाई बाजारांत आणला. वस्तुतः ती बाहुलीच होती. पण मुलाच्या हातीं बाहुली देण्यास बाप राजी होणार नाहीं, हें ओळखून कंपनीनें तिला 'ॲक्शन फिगर' असें नवें नांव दिलें. व्यापाऱ्यानें शब्द बदलला आणि बापाची अडचण दूर झाली! पुढें १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' हा चित्रपट निघाला, आणि त्यांतील पात्रांच्या पावणेचार इंची मूर्ति १९७८ पासून अमेरिकेंत इतक्या खपल्या कीं, १९८२ सालीं जी. आय. जो यासही तेंच लहान माप देऊन नवा अवतार घ्यावा लागला. त्याच वर्षीं मॅटेल कंपनीचा ही-मॅनही जन्मास आला. आमच्याकडील पिढीस ठाऊक आहे तो शिपाई हाच, लहान मापाचा.

हिंदुस्थानांत तो आला १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. टायर बनविणाऱ्या एम. आर. एफ. कंपनीच्या घराण्यांतली फनस्कूल ही कंपनी तो येथें बनवूं लागली, आणि तिचे कारखाने गोव्यांत होते. सांचे अमेरिकेचे, परंतु येथें निघालेल्या कांहीं शिपायांचे रंग मूळ अमेरिकन शिपायांहून अगदींच निराळे, कित्येकदां चमत्कारिक म्हणावे असे निघाले. त्या वेळीं त्याची कोणास फिकीर नव्हती. आज मात्र अमेरिकेंतील संग्राहक हे गोव्याचे शिपाई मुद्दाम शोधतात, कारण तसे रंग त्यांच्या देशांत कधीं निघालेच नाहींत. जळगांवच्या एखाद्या गल्लींत ज्याला मुलांनीं नाल्याच्या पाण्यांत पोहावयास लावलें, त्याच शिपायाची साबूत जोडी परदेशांतील कोणा गृहस्थास हवीहवीशी वाटते, ही घटना व्यापाराच्या इतिहासांतही विरळाच म्हणावी लागेल.

या शिपायाच्या शरीररचनेंत एक मर्मस्थान आहे. त्याचें धड आणि पाय हे आंतून एका लहानशा रबरी कड्यानें जोडलेले असतात. खानदेशचा उन्हाळा काय असतो, हें येथील वाचकांस सांगावयास नको. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर उष्णता त्याहूनही अधिक. अशा कांहीं उन्हाळ्यांत तें कडें कडक होतें, तडकतें, आणि शिपाई कमरेंतून दुभंगतो. पुष्कळ शिपाई केवळ याच कारणानें 'मोडले' म्हणून कचऱ्यांत गेले. वास्तविक पाठीवरचा एक स्क्रू काढून योग्य मापाचें नवें कडें घातलें, तर तो पुन्हां उभा राहतो. आणि असें कडें नळजोडणीच्या सामानांतही मिळूं शकतें. एका मध्यमवयीन इंजिनियरास आम्हीं हें काम करतांना पाहिलें आहे. चष्मा कपाळावर चढवून, जीभ किंचित् बाहेर काढून तो तें कडें बसवीत होता. त्याच्या पत्नी दारांतून म्हणाल्या, "अहो, ऑफिसचें कामही असेंच करतां का?" यावर त्यानें उत्तर दिलें नाहीं.

या व्यवहाराचा एक नियम मात्र आमच्या गळीं उतरत नाहीं. जें खेळणें मूळ वेष्टनांतून कधीं बाहेरच काढलें नाहीं, त्यास सर्वांत अधिक किंमत येते. ज्याच्याशीं कोणी खेळलेंच नाहीं, तें उत्तम खेळणें! पंगतींत वाढलेलें ताट कोणी न उष्टावतां तसेंच झांकून ठेवावें आणि चाळीस वर्षांनीं त्याचें कौतुक करावें, तसाच हा प्रकार आहे. संग्राहकांतही यावरून दोन पंथ पडले आहेत. एक पंथ वेष्टन फोडणें हें पाप मानतो; दुसरा म्हणतो, कीं शाईनें नांव लिहिलेला, नाक झिजलेला, दांतांच्या खुणा असलेला शिपाईच खरा. आमचें मत दुसऱ्या पंथाच्या बाजूनें आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं.

आतां आपल्याकडच्या जुन्या खेळण्यांकडे वळूं. तीं जपण्यासाठीं केलेलींच नव्हतीं. भाद्रपदी पौर्णिमेस खानदेशांत घरोघरीं गुलाबाई बसते. कोणी तिला भुलाबाई म्हणतात. शंकर-पार्वतीचें हें मातीचें रंगीत जोडपें महिनाभर घरांत पाहुणें राहतें. संध्याकाळीं गल्लींतील मुली जमतात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणीं होतात, झांकलेल्या डब्यांत खाऊ कोणता आहे हें ओळखण्याची चढाओढ लागते, आणि कोजागिरीस गुलाबाईची बोळवण होते. श्रावणी अमावास्येस पोळा. ज्यांच्या दारीं बैल नाहींत, त्या घरांतही मातीच्या बैलांची पूजा होते, आणि पूजा झाली कीं ते मुलांच्या हातीं पडतात. दिवाळींत अंगणांत दगडमातीचा किल्ला, त्यावर हळिवाचें किंवा मोहरीचें गवत, बुरुजांवर मातीचे मावळे आणि वरच्या गादीवर शिवाजी महाराज. आमच्या मतें मातीचा मावळा हाच आपल्याकडील आद्य ॲक्शन फिगर होय. त्याचे हातपाय वळत नसत, आणि अवकाळी सर आली तर त्याच्या अंगरख्याचा रंग किल्ल्यावरून ओघळे, एवढाच काय तो फरक.

यात्रेंतील खेळण्यांची गोष्टही अशीच. धुळ्यास पांझरेकांठीं एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरास बोरी नदीच्या पात्रांत सखाराम महाराजांचा वैशाखांतील उत्सव, जळगांवास कार्तिकी एकादशीचा रामाचा रथ. यांतून मुठींत धरून आणलेलें कागदी भिरभिरें, पत्र्याची टिकटिकी, पिपाणी, कचकड्याची बाहुली. यांतील कोणतीही वस्तु पुढच्या यात्रेपर्यंत टिकावी, अशी ती विकणाराचीही अपेक्षा नसे. मातीचें होतें तें पाण्यांत जाई, कागदाचें होतें तें वाऱ्यावर जाई, पत्र्याचें होतें तें गंजून जाई. मुलगा रडे, आणि पुढल्या वर्षीं नवें घेई. नागपुराकडे तान्ह्या पोळ्यासाठीं लाकडी बैल करतात. ते मात्र बापाकडून मुलाकडे जातात. खानदेशांत ज्या घरीं असा एखादा लाकडी बैल अथवा घोडा आहे, तें घर भाग्यवान् समजावें.

प्लास्टिक आलें, आणि या सर्व व्यवस्थेंत विसर्जनाची जागाच राहिली नाहीं. प्लास्टिकचा शिपाई पाण्यांत विरघळत नाहीं, जाळला तर घाण धूर होतो, मोडला तरी मातींत मिसळत नाहीं. मग तो जातो माळ्यावर. तेथें वीस-पंचवीस वर्षें पडून राहतो, आणि एका दिवाळीच्या झाडलोटींत अचानक हातीं येतो. ज्याच्या हातीं येतो, तो आतां चाळिशीचा झालेला असतो. त्याच्या आजोबांवर असा प्रसंग येणें शक्यच नव्हतें. त्यांचे मावळे केव्हांच मातीस मिळाले होते. प्रौढपणीं खेळणीं जमविण्याचा छंद आपल्याकडे याच पिढींत कां निघाला, याचें एक कारण आमच्या मतें इतकें साधें आहे.

दुसरें कारण मात्र इतकें साधें नाहीं, आणि तें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस चटकन् पटेल. अकरा चुलत-मावस भावंडांच्या घरांत खेळणें कोणा एकाचें नसे. मुंबईच्या काकांनीं आणलेली चावीची आगगाडी 'सगळ्यांची' असे, म्हणजे व्यवहारांत ती थोरल्याच्या हातीं असे आणि धाकट्यानें रुळाच्या कडेला बसून पाहावयाचें असे. जें खेळणें फार महाग, तें आई कपाटावर ठेवी आणि पाहुणे आले म्हणजे काढी. सर्वांनीं सर्व वांटून घ्यावें, ही शिकवण चांगलीच होती. तिच्यावर आमचा आक्षेप नाहीं. परंतु त्या धाकट्याच्या मनांत 'माझें एकट्याचें' अशी एक जागा रिकामी राहिली ती राहिलीच. आम्हांस भेटलेल्या संग्राहकांपैकीं पुष्कळांनीं एक गोष्ट कबूल केली: त्यांनीं जमविलें आहे तें त्यांच्याजवळ होतें तें नव्हे, तर त्यांच्याजवळ नव्हतें तें. शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाकडे होतें तें. दुकानाच्या कांचेंतून पाहिलें आणि बापाचा हात धरून पुढें गेलों, तें.

म्हणून ज्या भगिनींस पतीच्या या खर्चाचा राग येतो, त्यांस आमची विनंती आहे कीं, एकदां त्यांस निवांत वेळीं विचारून पाहावें: "हें तुमच्याजवळ लहानपणीं होतें का?" उत्तर ऐकून राग जाईलच असें नाहीं. पण खर्च नेमका कशाचा चालला आहे, तें कळेल.

कागदी वस्तूंचा संग्रह हा त्या मानानें कमी खर्चाचा आणि, आमच्या मतें, अधिक रसाचा. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें मार्च १९६४ मध्यें इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलें. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा १९३६ सालचा 'फॅन्टम' मराठींत 'वेताळ' होऊन आला, आणि हें नामांतर इतकें चपखल बसलें कीं, मूळ नांव मराठी मुलांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्याच्या अरण्याच्या देशास येथील आवृत्तींत 'डेंकाली' म्हणत. १९७६ सालीं आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा देशी नायक त्यांत आला. १९९० सालीं हें प्रकाशन बंद पडलें. ज्या दिवशीं एखादी वस्तु निघण्याची थांबते, त्या दिवसापासून तिचा संग्राहक जन्मास येतो. रेल्वे स्टेशनावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतलेला, भुसावळ ते धुळें असा प्रवास करीत चाळीसगांवास गाडी बदलतांना वाचून संपविलेला अंक पुढें किती हातांतून गेला असेल, याची गणती नाहीं. मुखपृष्ठ फाटलेलें, मधलें पान गेलेलें, आणि पहिल्या पानावर चार निरनिराळ्या अक्षरांत चार भावंडांचीं नांवें, प्रत्येकानें आधीचें खोडून आपलें लिहिलेलें. असा अंक बाजारांत कोणी घेत नाहीं. तो आपण मात्र कोणास देऊं नये.

घरच्या आठवणीनें जीव कासावीस होणें हा एके काळीं रोग समजला जाई. १६८८ सालीं योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें एक प्रबंध लिहिला, आणि परमुलखांत राहणाऱ्या आपल्या देशबांधवांस जडणाऱ्या या व्याधीस 'परतणें' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हें नांव दिलें. आपण आतां त्यास स्मरणरंजन म्हणतों, म्हणजे रोगाचें आपण करमणुकींत रूपांतर केलें. जळगांव सोडून पुण्यास किंवा परदेशीं स्थिरावलेल्या ज्या खानदेशी माणसाच्या मेजावर एक प्लास्टिकचा शिपाई उभा असतो, त्याची व्यथा होफरनें बरोबर ओळखली असती.

खानदेशांत संग्रहाची परंपरा थोर आहे, आणि तिचें एक केंद्र धुळें हेंच. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून वाड्यांतून, मठांतून, अडगळीच्या खोल्यांतून जुनीं दप्तरें मिळविलीं. ज्यांच्या घरीं तीं होतीं, त्यांस बहुधा तीं रद्दीच वाटत. त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे बावीस खंड निघाले. पहिला १८९८ सालीं, पानिपतच्या काळच्या पत्रांचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच त्यांचा देह पडला, आणि त्यांचा संग्रह वाऱ्यावर जाऊं नये म्हणून १९२७ सालीं धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. धुळ्याचेच शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें मठामठांतून जमविलीं. तीं समर्थ वाग्देवता मंदिरांत नांदत आहेत. या दोघां तपस्व्यांचीं नांवें प्लास्टिकच्या शिपायाच्या पंक्तीस बसविलीं, म्हणून कोणी रागावूं नये. पानिपतचें पत्र एकच असतें. शिपाई सांच्यांतून हजारोंनीं निघतो. दोहोंची बरोबरी होऊं शकत नाहीं. परंतु "हें कशास ठेवावयाचें?" हा प्रश्न राजवाड्यांसही लोक विचारीत असतील, आणि विचारणारीं माणसें वाईट नव्हतीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

रोजच्या वापरांतील वस्तूही जपण्याजोग्या असतात, हें महाराष्ट्रास शिकविलें तें पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारा हा चष्म्यांचा व्यापारी अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलुपें, बाहुल्या गोळा करीत खेड्यापाड्यांतून हिंडला. त्यांचा मुलगा राजा बालपणींच गेला. त्या मुलाच्या नांवानें तो संग्रह आज राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून ओळखला जातो. १९६२ सालीं केळकरांनीं तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. सुमारें वीस हजार वस्तूंच्या त्या संग्रहांत लहान मुलांच्या खेळण्यांपुढें उभें राहिलें म्हणजे ज्याच्या नांवाची पाटी दारावर आहे त्या मुलाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आणि आमच्या चाळीसगांवचे केकी मूस! कैखुस्रू माणेकजी मूस हे १९१२ सालीं जन्मले, विलायतेस कलेचें शिक्षण घेऊन परत आले, आणि स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यांत जे राहिले ते जवळजवळ पन्नास वर्षें क्वचितच बाहेर पडले. कोणा प्रिय व्यक्तीनें पंजाब मेलनें येण्याचें वचन दिलें होतें, म्हणून ते रोज त्या गाडीची वाट पाहत, अशी कथा चाळीसगांवांत अजून सांगतात. बंगला जुन्या दुर्मिळ वस्तूंनीं भरलेला. परंतु त्यांची जगभर नांवाजलेली कला म्हणजे 'टेबलटॉप' छायाचित्रण: मेजावर साध्यासुध्या लहान वस्तूंचा देखावा मांडावयाचा, प्रकाश असा पाडावयाचा कीं, छायाचित्रांत तो खरा डोंगर, खरी वाट, खरें वादळ वाटावें. अंगणांतला दिवाळीचा किल्ला जन्मभर करीत राहण्याची परवानगी एखाद्या मुलास मिळाली तर तो काय करील, त्याचें हें उत्तर होतें. १९८९ सालीं ते गेले. बंगला आतां त्यांच्या नांवाचें संग्रहालय आहे. जळगांव-धुळ्याकडील ज्या वाचकांनीं तें पाहिलें नसेल, त्यांनीं अवश्य पाहावें. मात्र दार लावून बसणाऱ्या संग्राहकाच्या घरांत जें एकाकीपण असतें, तेंही तेथें जाणवतें, आणि घरच्या मंडळींची भीति अगदींच निराधार नसते, हें कळतें. याउलट पुण्याच्या भाऊ जोशी यांनीं हौसेनें लहान आगगाड्यांचें एक सबंध गांव उभारलें. १९९८ पासून तें लोकांस पाहावयास खुलें आहे, आणि तेथें आजोबा नातवापेक्षां पुढें सरकून पाहतात.

संग्रह सांभाळण्याविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्याविषयींचें अज्ञान फार आहे. प्लास्टिकच्या वस्तूंजवळ डांबराच्या गोळ्या ठेवूं नयेत; त्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लास्टिक मऊ पडतें. रबरबँड लावूं नये. तो वितळून चिकटतो आणि डाग सोडतो. मऊ प्लास्टिक कालांतरानें चिकट होतें, म्हणून एक मूर्ति दुसरीस चिकटून ठेवूं नये. अंकांच्या पिना गंजतात. त्या हलक्या हातानें काढून दोऱ्यानें टांका घालावा. आणि जुनी कचकड्याची बाहुली असेल तर ती देवघरापासून आणि चुलीपासून दूर ठेवावी, कारण कचकडें भयंकर ज्वालाग्राही असतें. माळा ही जागा सर्वांत वाईट. घरांतील आंतली, सावलीची भिंत सर्वांत चांगली. कर्ज काढून खेळणीं घेऊं नयेत, हें सांगावें लागतें, याचेंच आश्चर्य वाटतें. दुर्मिळ म्हणून जें विकतात त्यांत नव्या सांच्यांतून काढलेल्या नकला पुष्कळ असतात.

पण शिपाई हजारोंनीं निघतो असें जें आम्हीं वर म्हटलें, त्यांतच एक प्रश्न उरतो. मग आपल्या घरच्या शिपायांत असें काय आहे, जें दुसऱ्या कोणत्याही शिपायांत नाहीं? तो कोणाचा होता, कोणी दिला, कोणी पळविला, कोणाच्या आजारपणांत उशाशीं होता, ही हकीकत. ती वस्तूवर कोठेंही लिहिलेली नसते.

जुन्या जळगांवांतील आमच्या परिचयाचें एक घर गेल्या वर्षीं विकण्यास काढलें. चार भाऊ, चौघेही नोकरीनिमित्त चार गांवीं. भांडीं, चांदी, पलंग, तसबिरी यांची वांटणी अर्ध्या दिवसांत, एकही शब्द न वाढतां झाली. मग माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरली, आणि तेथें सगळें अडलें. तींत कान मोडलेला लाकडी घोडा होता, पितळेची भातुकली होती, दोन-तीन दुभंगलेले शिपाई, चावी नसलेली आगगाडी, वेताळाचे चाळीसएक अंक, आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, बोळवण न झालेली एक गुलाबाई. थोरले म्हणाले, घोडा माझा. धाकटे म्हणाले, तो तुम्हीं मला दिला होता. दोघांचींही नातवंडें होण्याचें वय. पण आवाज चढले. जावा प्रथम हंसल्या, मग गप्प झाल्या. बहिणींस तर कोणी विचारलेंच नव्हतें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि घराच्या कागदांवर त्यांच्या सह्याही रीतसर झाल्या होत्या. ट्रंकेची आठवण मात्र कोणास झाली नाहीं.

शेवटीं धाकट्या सुनेनें धुळ्यास आत्याबाईंना फोन लावला. आत्याबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनीं पहिला प्रश्न केला, "गुलाबाई आहे का रे अजून त्यांत?" आहे म्हणतांच त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं सांगितलें, कीं त्या वर्षीं कोजागिरीच्या आदल्या दिवशीं त्यांची धाकटी बहीण तापानें गेली, आणि बोळवण राहून गेली. पुढें कोणाच्यानें ती मूर्ति हलविवली नाहीं. भावांपैकीं एकासही ही गोष्ट ठाऊक नव्हती; त्यांस अशी एक आत्या होती, हेंही दोघांस ठाऊक नव्हतें.

ट्रंक तशीच धुळ्यास गेली. आतां दर रविवारीं आत्याबाईंची नात त्यांच्यापुढें एकेक वस्तु धरते, त्या सांगतात तें एका चिठीवर लिहून घेते, आणि चिठी दोऱ्यानें त्या वस्तूस बांधते. घोडा थोरल्याचाही नव्हता आणि धाकट्याचाही नव्हता. तो त्यांच्या वडिलांचा निघाला, अमळनेरच्या यात्रेंतला. आजवर सत्तावीस चिठ्या झाल्या आहेत. ट्रंक अजून निम्मी भरलेली आहे, आणि आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचें ऑपरेशन येत्या महिन्यांत ठरलें असल्यानें तीन रविवार काम बंद राहणार आहे.